नानबाईचा रोजा

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात सगळ्या गावाची मिळून एकच भट्टी होती. बायका घरी कणीक मळायच्या, परातीत गोळे ठेवून वर ओलं फडकं टाकायच्या आणि भट्टीवर आणून द्यायच्या. नानबाई, म्हणजे भट्टीवाला, रोट्या भाजून द्यायचा. ज्याची कणीक त्याची रोटी, आणि भाजणावळ म्हणून दोन गोळे नानबाईचे. पिढ्यान् पिढ्या असंच चाललं होतं.

त्या वेळचा नानबाई होता यासीन. हाताचा कसबी, कामाला चोख. एक रोजा चुकवायचा नाही. पहाटे सेहरी खायला उठून रोज्याची नीट नियत, म्हणजे संकल्प, करायचा, संध्याकाळी रोजा सोडताना खजूर हातात धरून सगळ्या दुआ म्हणायचा. दुआ त्याला तोंडपाठ होत्या आणि त्याचा त्याला अभिमानही होता.

पण रमजान आला की गाव यासीनशी हळू बोलायला लागायचं. त्या काळी रमजान उन्हाळ्यात यायचा, समोर धगधगती भट्टी, घशाला कोरड. दुपार कलली की त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर येऊन बसायचा. कुणाची परात जरा पुढे सरकली, कुणी दोनदा विचारलं, की हा ओरडायचा, "इन्नी साइमुन! मी रोजेदार आहे! माझं डोकं फिरवू नका!"

लोक मुकाट मागे सरायचे. भट्टीच्या शेजारी घाणा चालवणारी तेलीण एकदा म्हणाली होती, "नानबाई, उपास तुझा आणि धाक आम्हाला. हे बरं आहे."

त्या वर्षी यासीनला एक काळजी होती. त्याची एकुलती एक मुलगी रुकय्या पलीकडच्या गावी सासरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण. पोर मुळातच अशक्त. यासीन रोज रोजा सोडताना हात उचलून तेवढंच मागायचा, "या अल्लाह, माझ्या लेकीची सुखरूप सुटका कर." रोजा सोडतानाची दुआ परत फिरत नाही, यावर त्याचा पक्का विश्वास होता. या विश्वासावरच तो ते दिवस काढत होता.

एके दिवशी दुपारनंतर भट्टीवर रांग लागली होती. रांगेत जैतून खाला, म्हणजे सगळ्यांची जैतून मावशी, होती. थकलेली, एकटी बाई. तिचा एकच मुलगा, नावाडी. एका पावसाळ्यात त्याची होडी उलटली. त्याने होडीतली माणसं ओढून ओढून काठाला लावली आणि शेवटच्या माणसासाठी पुन्हा पाण्यात गेला तो आलाच नाही. हे सगळ्या गावाला माहीत होतं. यासीनलाही. काठावरून दोर टाकणाऱ्यांत तो स्वतः होता.

खालाने परात पुढे केली आणि म्हणाली, "यासीन, कालची रोटी एका अंगाने करपली होती रे. मला दात नाहीत. आज जरा बघून भाज."

"माझा रोजा आहे, खाला! किरकिर नको!"

"रोजा तर माझाही आहे, बाबा."

ती साधेपणाने बोलली, पण रांगेतल्या बायका हसल्या. दोघी-तिघींनी तोंडावर पदर धरला, तरी हसू काही लपलं नाही. यासीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कसला गं तुझा रोजा?" तो ओरडला. "दिवसभर जीभ चालू! पोरगासुद्धा या तुझ्या किरकिरीला कंटाळूनच खाडीत गेला!" आणि त्याने तिच्या परातीतला कणकेचा गोळा उचलून राखेत भिरकावला.

हसू जागच्या जागी मेलं. कुणीतरी, "अरे, काय बोललास हे!" म्हणालं आणि तेही अर्ध्यात थांबलं.

जैतून खालाचे ओठ हलले. ती काहीतरी पुटपुटली, पुन्हा पुटपुटली, पण ऐकू कुणालाच आलं नाही. मग रिकामी परात काखेत मारून ती म्हणाली, "आज रोजा सोडताना मला काय मागायचं ते मी मागेन," आणि निघून गेली.

तेलीण घाण्यावरून उठून आली. राखेतल्या त्या गोळ्याकडे तिने पाहिलं, मग यासीनकडे. "आमच्यात म्हणतात, कुणाचा तळतळाट घेऊ नये. तुमच्यात काय म्हणतात रे?"

त्यांच्यात काय म्हणतात ते यासीनला चांगलं ठाऊक होतं. रोजेदाराची दुआ आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याची दुआ, या दोन्हींच्या आड पडदा नसतो, त्या थेट वर पोचतात. दर शुक्रवारी मशिदीत हे ऐकून त्याने मान डोलावली होती. खाला रोजेदार होती. आणि तिच्यावर अन्याय झाला होता. तो त्यानेच केला होता.

आणि पलीकडच्या गावी त्याची रुकय्या होती, दिवस भरलेली.

हात पुसून तो घरी धावला. बायकोला म्हणाला, "मरियम, चांगल्या चार रोट्या घे, वर थोडं तूप घाल आणि जैतून खालाला नेऊन दे. म्हणावं, राग मानू नको."

मरियमच्या कानावर सगळं आधीच आलं होतं. ती चुलीपुढे पाठ करून बसली होती, वळलीसुद्धा नाही.

"मी जाणार नाही. तुमच्या जिभेने सांडलेलं मी कशाला पुसू?"

"अगं, रुकय्याचा तरी विचार कर!"

"तिचाच विचार करून बसलेय मघापासून!" मरियम आता वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "ज्या बाईचा मुलगा गेला, तिला तुम्ही असं बोललात, आणि स्वतःच्या मुलीसाठी रात्रंदिवस हात पसरता? तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

यासीन तसाच मशिदीत गेला. मौलवीसाहेब हौदापाशी बसले होते. शांत स्वभावाचे गृहस्थ. आवाज चढलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

"मौलवीसाहेब, मला एक दुआ सांगा. जरा जोरकस. कुणी आपल्याविरुद्ध मागितलं तर ते अडवणारी."

"कोण मागणार आहे?"

यासीनने सांगितलं. खरं ते सांगितलं, पण जरा कमी करून. मौलवीसाहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"इन्नी साइमुन हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, लहानपणी."

"कशासाठी शिकवलं?"

"कुणी भांडायला आलं तर त्याला सांगायला, की माझा रोजा आहे, माझ्या वाटेला जाऊ नको."

मौलवीसाहेब ताडकन उठले. "नाही! कुणी भांडायला आलं, शिवी दिली, तर आपण आपल्याला आवरायचं, आणि म्हणायचं, मी रोजेदार आहे, मी उलट बोलणार नाही. आपल्या तोंडाला घालायचा लगाम दिला होता तुला. तू त्याचा चाबूक केलास, आणि सगळ्या गावाच्या पाठीवर ओढत फिरलास! अरे, खोटं आणि घाणेरडं बोलणं ज्याला सोडता येत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला काहीच गरज नाही. हेही शिकवलं होतं. ते नाही लक्षात राहिलं?"

"चुकलो. पण ती दुआ..."

"तिची दुआ अडवणारी दुआ माझ्याजवळ नाही. असती तरी तुला दिली नसती. तिच्या दारात जा."

ऊन उतरलं होतं. यासीन खाडीकडच्या वाटेने जवळजवळ पळत सुटला. जैतून खाला दारातच बसली होती. समोर पाण्याचा पेला, ताटलीत एक खजूर आणि तांदळाची पेज. रोटी नव्हती. ती का नव्हती हे त्याला विचारावं लागलं नाही.

"खाला," तो धापा टाकत म्हणाला, "चुकलो मी. पाया पडतो. पण रोजा सोडताना माझ्या पोरीविरुद्ध काही मागू नकोस. तिचा काय दोष?"

खालाने मान वर केली. इतका वेळ ती शांत दिसत होती. आता तिचा चेहरा असा झाला की यासीन एक पाऊल मागे सरला.

"काय म्हणालास? मी तुझ्या पोरीला शाप देईन?"

"नाही, म्हणजे..."

"दिवस भरलेल्या पोरीला? मी? मूल गेल्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे, यासीन! ते मी दुसऱ्या आईला मागेन?" तिचा आवाज थरथरत होता, पण दुबळेपणाने नव्हे. "मघाशी तू माझ्या मेलेल्या मुलाला बोललास, ते मी कसंबसं सोसलं. तू ओरडत होतास आणि मी आपल्या मनाला सांगत होते, मी रोजेदार आहे, मी रोजेदार आहे. तोंडाशी आलेलं एकेक उत्तर गिळलं मी. आणि तू आता येऊन मला चेटकीण ठरवतोस?"

यासीन तिच्यापुढे खाली बसला.

"रोज तुझ्या भट्टीची रोटी मोडताना मी म्हणायचे, ज्याने खाऊ घातलं त्याच्या अन्नावर रोजेदारांचे रोजे सुटोत, फरिश्ते त्याच्यासाठी दुआ करोत. कालही म्हटलं होतं, करपलेली रोटी पेजेत भिजवून खाताना. आणि तू माफी मागायला आलाच नाहीस. तुला माझ्या दुआची भीती वाटली, म्हणून आलास. मी मागणार नाही असं कळलं असतं, तर आला असतास?"

याचं खरं उत्तर 'नाही' असं होतं. यासीनने ते उत्तर दिलं नाही, पण खोटंही बोलला नाही. दिवसभरात त्याने केलेली ही पहिली चांगली गोष्ट.

"लोकांसमोर बोललास," खाला म्हणाली. "तिथेच मागे घे. मी येणार नाही ऐकायला. तू खरं बोललास तर ते माझ्यापर्यंत येईल. आता ऊठ. अजान होईल, आणि मला रागाने रोजा सोडायचा नाही."

यासीन घरी पोचेपर्यंत अजान झालीच. त्याने खजूर हातात घेतला. "अल्लाहुम्म लक सुम्तु," तो म्हणायला लागला. या अल्लाह, मी तुझ्यासाठी रोजा ठेवला. एवढं म्हटलं आणि तो अडकला. तुझ्यासाठी? आज दिवसभर त्याने नेमकं काय ठेवलं होतं अल्लाहसाठी? पुढचे शब्द पाठ होते, पण ते बाहेर येईनात. लेकीसाठी हात उचलायला गेला, तर हात मांडीवरून हलेनात. तो पाणी प्यायला. तहान भागली, शिरा भिजल्या, पण दुआ काही निघाली नाही. समोर बसलेल्या मरियमने हात उचलले होते. तो तिच्या हातांकडे बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर गर्दी झाली तेव्हा यासीनने हातातली सळई खाली ठेवली.

"थांबा जरा. मला बोलायचं आहे."

"काय झालं? आज आमच्यापैकी कोण करपणार?" तेलीण म्हणाली. कुणी हसलं नाही.

"काल मी जैतून खालाला जे बोललो ते खोटं होतं," यासीन म्हणाला. घशाला कोरड होती आणि भट्टीची धग पाठीला लागत होती. "तिचा मुलगा माणसं वाचवताना गेला. मी काठावर दोर घेऊन उभा होतो, मी डोळ्यांनी पाहिलं. शेवटच्या वेळी मी त्याला ओरडून म्हणालो होतो, आता जाऊ नको. तो गेला. जायची हिंमत माझ्यात नव्हती, त्याच्यात होती. हे माहीत असून मी काल तसं बोललो, कारण तुम्ही हसलात आणि मला राग आला. आणि इतकी वर्षं मी रोज्याचं नाव सांगून तुम्हाला घाबरवलं. मी रोजे ठेवत नव्हतो. मी फक्त उपाशी राहत होतो."

रांगेतली एक म्हातारी फटकन म्हणाली, "एवढं कळायला एवढी वर्षं लागली होय रे तुला?"

"लागली," यासीन म्हणाला.

ते शब्द खाडीकाठी पोचायला वेळ लागला नाही. तेलीण घाणा सोडून स्वतः सांगायला गेली होती. पुढच्या दिवशी जैतून खाला परात घेऊन रांगेत उभी राहिली. यासीनने मान खाली घातली. ती म्हणाली, "माफ केलं. राग अजून गेलेला नाही, तो जाईल त्याच्या पायांनी. तोवर माझी रोटी करपवू नकोस म्हणजे झालं."

ईदच्या आधीच रुकय्या बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. निरोप आला तसा यासीन आधी खालाच्या दारात गेला. बातमी सांगून झाली, तरी तो उभाच राहिला.

"आता काय?"

"खाला, त्या दिवशी रोजा सोडताना तू काय मागितलंस?"

"तुझ्या लेकीची सुटका मागितली."

"आणि माझ्यासाठी?"

खालाने खाडीकडे पाहिलं.

"तुझ्याविरुद्ध मागायची फार इच्छा झाली होती. ती इच्छा गिळायला ताकद दे, एवढं मागितलं. पोटाची भूक काहीच नाही, यासीन. सूर्य बुडाला की ती भागते. त्या संध्याकाळी सूड मागायच्या ज्या भुकेवर मी रोजा ठेवला, तो अजून चालूच आहे."

तात्पर्य: पोटाचा रोजा सूर्य मोजतो, पण जिभेचा आणि रागाचा रोजा दुखावलेला माणूस मोजतो. ज्याला तो पाळता येत नाही, त्याने दुआसाठी हात वर उचलण्याआधी, ज्याला दुखावलं त्याच्यापुढे ते जोडावेत.