परडीतला शब्द

पळसखोरी नावाचं एक गाव होतं. गावाच्या तीन बाजूंना पळसाचं रान आणि चौथ्या बाजूला एक छोटीशी नदी. त्या गावात पाडव्याची एक रीत होती. गुढीवर तांब्या पालथा घालण्याआधी घरातल्या लेकराने त्यात एक शब्द बोलायचा. दिवसभर तो शब्द तांब्यात राहायचा. सूर्य बुडताना गुढी उतरवली, की तो घरात सांडायचा आणि वर्षभर त्या घराला वाट दाखवायचा. कोणी ‘दूध’ म्हणे, कोणी ‘हसू’, कोणी ‘धीर’.

सोनकीच्या घरी तांब्याच नव्हता. तिची आई बांबूच्या टोपल्या विणायची. म्हणून त्यांच्या गुढीवर पालथी असायची एक इवलीशी परडी.

“परडीत शब्द राहतो होय गं?” शेजारच्या यमुनाकाकू हसायच्या. “भोकाभोकांतून गळून जातो तो! म्हणून तर तुमच्या घराला वाट सापडत नाही.”

यंदा मात्र काकूही हसल्या नाहीत. थंडीतल्या एका दुपारी सोनकीची धाकटी बहीण बकू निळ्या फुलपाखरामागे रानात शिरली होती. परत आली ती मुकी होऊन, आणि तिची सावली तिच्याबरोबर आली नाही. तेव्हापासून बकू रोज थोडी थोडी फिकी होत होती. आता तर तिच्या तळहातातून पलीकडची भिंत दिसायची.

“बिनसावलीचं पोर पाडव्याची गुढी उतरेपर्यंतच टिकतं, बाई,” काकू हळूच म्हणाल्या.

आई इतकी घाबरली होती, की दिवेलागणीआधीच दाराला अडसर घालायची. रानातलं काही घरात येऊ नये म्हणून मग ती थाळी बडवत बसायची. थण्, थण्, थण्! बकू कोपऱ्यात बसून दाराकडे बघत राहायची.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सोनकी एकटी रानात गेली. तिला बकूसाठी एक चांगला, बळकट शब्द हवा होता.

रान केशरी पेटलं होतं. झाडाझाडावर फुलंच फुलं, आणि एकही पाखरू बोलत नव्हतं. सोनकीची सावली आखडून तिच्या पावलांखाली लपली होती.

“कशाला आलीस गं, बाळ?” मागून आवाज आला. सोनकी वळली, तर तिथे कोणीच नव्हतं. पुन्हा वळली, तर समोर परी उभी! चतुराच्या पंखांसारखे झिरझिरीत पंख, पळसाच्या पाकळ्यांचा झगा, दवाचे डोळे. ती चालली तरी पाचोळा वाजत नव्हता. तिलाही सावली नव्हती.

“मला शब्द हवाय,” सोनकी म्हणाली.

परीने बोट वर केलं. फांद्यांवर थेंबांएवढे शब्द लोंबत होते. सोनेरी, जांभळे, हिरवेगार, सगळे हळूहळू श्वास घेत होते.

“एकच न्यायचा,” परी म्हणाली. “आणि नेलेला शब्द आधी आपण पाळायचा, मग घराने. तुझी सावली पायाखालून बाहेर डोकावली, की निघ. नाहीतर ती इथेच राहील.”

सगळ्यांत लखलखीत शब्द होता ‘बोल’. तो अगदी बकूच्या आवाजात म्हणाला, “ताई, मला ने! ताई, मला ने!”

सोनकीने हात पुढे केला आणि मागे घेतला. बकू तिला ताई कधीच म्हणत नसे. आक्का म्हणायची.

“हा तिचा आवाज नाही,” सोनकी म्हणाली.

परी नुसती हसली.

तेवढ्यात सोनकीला खालच्या फांदीवर एक करडा, चिमुकला शब्द दिसला. तो मुकाट्याने कुडकुडत होता.

“हा कोण?”

“तो ‘ऐक’. शंभर वर्षांत त्याला कोणी नेलं नाही. शंभर वर्षांपूर्वी मीही गावातली एक बिनसावलीची पोर होते, पण माझं कोणी ऐकलं नव्हतं,” परी म्हणाली.

सोनकीला बकूची आठवण आली. बकूही अशीच कोपऱ्यात कुडकुडायची. तिने तो शब्द अलगद उचलला, ओंजळीत धरला आणि फुंकर घालून ऊब दिली. “चल माझ्या घरी. पण आमची परडी गळकी आहे हं.”

“भोकं तर हवीतच,” करडा शब्द पुटपुटला. “भोकांशिवाय ऐकू कसं येणार?”

सोनकीची सावली पायाखालून बोटभर डोकावली. तशी सोनकी धावत सुटली.

पाडव्याच्या सकाळी तिने परडीत हळूच म्हटलं, “ऐक.” संध्याकाळी गुढी उतरली तेव्हा बकू काचेसारखी झाली होती. आईने रडत रडत अडसर घातला आणि थाळी उचलली.

सोनकीने तिचा हात धरला. “आई, आज वाजवू नकोस. जरा ऐकू या.”

घर गप्प झालं. चुलीतला निखाराही तडतडेना. मग मुंगीच्या पावलांएवढा आवाज आला. बकूचे ओठ हलत होते. ते रोज संध्याकाळी हलत असत, पण थाळीच्या आवाजात कोणाला कळलंच नव्हतं.

“आक्का, दार उघड. ती रोज येते. थाळी वाजली की पळून जाते.”

“कोण गं?”

“माझी सावली.”

बाहेर दारावर कोणीतरी नखाने खरवडलं. खर्र... खर्र...

“नको गं पोरी!” आई कळवळली. “रानातलं काहीतरी असेल!”

सूर्याची आता नखाएवढी कोर उरली होती. सोनकीने अडसर काढला.

उंबऱ्यावर एक लहानशी सावली पडली होती. दोन वेण्यांची, थंडीने थरथरणारी. ती सरपटत आत आली आणि मांजराच्या पिल्लासारखी बकूच्या पायांशी बिलगली. बकूच्या गालांवर गुलाबी रंग चढला. हात पुन्हा हातांसारखे झाले. आईने तिला छातीशी धरलं.

“आई, भूक लागलीय,” बकू म्हणाली.

सोनकीने रानाकडे पाहिलं. शेवटच्या पळसाखाली परी उभी होती. क्षणभर तिच्या पायांशीही एक चिमुकली सावली दिसली. परी खुदकन हसली, केशरी उजेडाचा लोट उठला, आणि झाडाखाली फक्त पाकळ्या उरल्या.

दुसऱ्या दिवशी यमुनाकाकू आल्या. “सोनके, आम्हालाही एक परडी विणून दे गं. भोकं जरा मोठीच ठेव.”

पळसखोरीत आजही दार लावण्याआधी प्रत्येक घरातून एकदा हाक येते, “कोणी बाहेर राहिलंय का?” आणि मग सगळे थोडा वेळ गप्प उभे राहतात.