आजचा पार्किन

"भट्टी माझ्या हाती देणार की नाही, ते आज सांगा, बाबा."

शांतवनबाबा पिठाच्या पोत्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

पाचगणीच्या मिशनच्या बेकरीत त्यांची हयात गेली होती. उद्या सकाळच्या एसटीने ते मुलाकडे नगरला निघणार होते, कायमचे. सलोमी त्यांच्याच हाताखाली शिकली. हात चांगला होता तिचा, आणि हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. बाबा हो म्हणाले तर बेकरी तिची. नाही म्हणाले तर मिशन साताऱ्याहून कुणालातरी आणणार होतं.

"पार्किन कर," बाबा म्हणाले. "आज भाज. आजच माझ्यापुढे ठेव."

पार्किन म्हणजे यॉर्कशायरचा सुंठीचा केक. तिकडे नोव्हेंबरच्या थंडीत शेकोटीभोवती खातात. फार वर्षांपूर्वी कुण्या मडमेने तो या बेकरीत शिकवला. ओटचं भरड पीठ, सुंठ, आणि तिकडच्या काळ्या पाकाऐवजी आपली काकवी. पण त्याची एक खोड आहे. भट्टीतून निघतो तो कडक. कागदात गुंडाळून डब्यात बंद ठेवला, की आठवड्याभरात आपोआप मऊ आणि चिकट होतो. ताजा पार्किन शहाणा माणूस कुणापुढे ठेवत नाही.

"आजचा आजच? कडक लागेल, बाबा."

"मला शिकवतेस?"

ती पीठ घ्यायला वळली.

खरं तर तिला वळायचीही गरज नव्हती. जाता जाता बाबा पार्किनच मागणार, हे तिने आधीच ताडलं होतं. मागच्या रविवारी गुपचूप एक भाजून डब्यात ठेवला होता. कौतुक करावं तेवढं थोडंच.

दुपारी तिने बशी पुढे केली.

बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा रुतला.

"आजचा?"

"हो."

बाबांनी तुकडा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. बोटं चाटली.

"माझ्या हातून असा कधी उतरला नाही."

सलोमीचा जीव भांड्यात पडला. ती हसलीसुद्धा.

"भट्टी अजून तापलेली आहे," बाबा म्हणाले. "हा गार कसा?"

तिचं हसू गेलं.

"आजचा कुठे आहे?"

"बाबा, तो..."

"कुठे आहे?"

तिने पोत्यामागे हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला दुसरा पार्किन काढला. बाबांनी दात लावून पाहिला. तुटेना. टेबलावर आपटला, तर टक्कन वाजला.

"दगड झालाय नुसता!" सलोमी म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. "असा तुमच्यापुढे कसा ठेवू? आणि तोही आज? मला नापास करायचं म्हणूनच मागितलात तुम्ही."

"हा कुणी केला?"

"मी."

"आणि तो?"

"तोही मीच."

"मग याचीच लाज का वाटली?"

बाबा उठले. मऊ पार्किनची बशी त्यांनी बाजूला सारली. कडक पार्किन कागदात गुंडाळला, डब्यात ठेवला. मग खिशातून बेकरीची किल्ली काढली.

सलोमीने नकळत हात पुढे केला.

बाबांनी किल्ली डब्यात टाकली, पार्किनवर. झाकण घट्ट दाबलं आणि डबा तिच्या हातात दिला.

"म्हणजे... हो की नाही?"

बाबा चपला शोधत होते.

"सकाळी पावाची भट्टी पेटवायचीय, बाबा. किल्ली काढू की पार्किन मऊ होईपर्यंत थांबू? तेवढं तरी सांगून जा."

"डबा तुझ्यापाशी आहे, पोरी. उघडायचा कधी, ते आता मला विचारू नकोस."