न वाळणाऱ्या फडक्याची कहाणी

ऐका, एलियाहू नबी, तुमची कहाणी. बायांनो, पदर सावरा, पोरं मांडीवर घ्या, मलिद्यावरची माशी वारा आणि ऐका.

आटपाट गाव होतं, खाडीच्या कुशीत होतं. भरती आली की पाण्यात तरंगायचं, ओहोटी लागली की जमिनीला टेकायचं. गावात एक तेली होता. शनवार हा त्यांचा देवाचा, विसाव्याचा वार; घाणा बंद, बैलालाही विसावा, म्हणून लोक त्याला शनवारतेली म्हणत. त्याचं नाव हसाजी, तेलणीचं नाव शेगुलाबाई. एकुलता एक मुलगा, बुनाजी. तो गलबतावर गेला, दूरदेशी गेला. बरोबरीची गलबतं परतली, त्याचं काही परतेना.

मग शेगुलाबाईनं नवस केला. “नबीराया, माझा बुनाजी सुखरूप आण. तुझा मलिदा करीन, निखळ तिळाच्या तेलाचा दिवा लावीन.” नवस बोलली खरी, पण घरचं तेल बाजाराला जायचं. नवऱ्याकडे मागवेना, आपल्या हातानं काढवेना. तेलणीचा हात तो! थेंब सांडला तर बोटानं पुसून केसांना लावायची.

शेजारी आकूबाई राहायची. विधवा होती, एकटी होती. तिच्या घरधन्याचं गलबत खाडीच्या तोंडाशी खडकावर फुटलं होतं. तेव्हापासून ती रोज तिन्हीसांजेला तिथल्या धोंड्यावर दिवा ठेवायची. म्हणायची, “माझा गेला. दुसरीचा येऊ दे.” त्या दिव्याच्या तेलासाठी परसात तीळ पेरायची, टोपलीभर तीळ घेऊन घाण्यावर यायची.

आता घाण्याची रीत ऐका. बैल फिरतो, तीळ भरडतात, उखळात तेल साचतं. ते फडक्यानं टिपायचं, गिऱ्हाइकाच्या मडक्यात पिळायचं. शेवटचं पिळणं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत व्हावं. पण शेगुलाबाई काय करी? “आकूमावशी, दमलात. ओटीवर बसा, पाणी प्या,” म्हणे. म्हातारी वळली की ओलं फडकं पेंडीच्या टोपल्यामागं टाकी. ती गेली की तांब्यात पिळी. मनाशी म्हणे, नबीचंच तर काम आहे, माझ्या पोटाला का घेते? फडक्यातलं तेल ते केवढं!

हसाजीनं पाहिलं नाही. गावानं पाहिलं नाही. बैलाच्या डोळ्यांना झापडं होती, त्यानंही पाहिलं नाही.

तांब्या भरला. शनवार सरला, आभाळात तीन चांदण्या दिसल्या. शेगुलाबाईनं मलिद्यासाठी पोहे भिजवले, गूळ-खोबरं कालवलं, वेलची घातली, वर सब्जाची डहाळी ठेवली. बायका बोलावल्या. तांब्यातलं तेल दिव्यात ओतलं. वात लावली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. बायका कुजबुजल्या, “वात दमट असंल.” शेगुलाबाई उठली, आत गेली. बघते तर फडकं ओलं. टपटप गळतंय. सकाळी तिनं ते उन्हात घातलं. ऊन निघून गेलं, फडकं ओलंच राहिलं.

दुसरा शनवार सरला. तिनं ताट मोठं केलं, केळी ठेवली, खजूर ठेवला. दिवा काही लागेना. एक जण म्हणाली, “शेगुला, तेलणीच्या घरी अंधार? सुताराच्या घरी मोडकी खुर्ची ऐकली होती बाई!” सगळ्या हसल्या, शेगुलाबाई हसली नाही. फडकं तिनं चुलीच्या राखेत पुरलं. सकाळी राख तेलकट. राखेतून एक रेघ निघाली, उंबऱ्यावरून गेली, आकूबाईच्या दारापर्यंत गेली. शेगुलाबाईनं शेणानं सारवली. ओलं सारवण वाळलं, रेघ वाळली नाही.

मग तिनं फडकं खाडीत सोडलं. पाण्यावर तवंग पसरला, निळा, जांभळा, सोनेरी, मोराच्या पिसासारखा. खाडीभर पसरला, झोपेत पाहावं तसं सगळं हळू हललं. घरी आली, तर फडकं खुंटीला.

तिसरा शनवार सरला. ताट इतकं मोठं केलं की दोघींनी उचलावं. नबीसाठी पाट मांडला, वर धुतलेली चादर घातली. बायका दाटीवाटीनं बसल्या. दिवा लागेना. तेवढ्यात दारात एक म्हातारा आला. पांढरी दाढी, खांद्यावर कांबळं, पाय धुळीचे. हसाजी म्हणाला, “या बाबा, मलिदा घ्या.”

म्हातारा म्हणाला, “मलिदा खायला आलो नाही. न्याय विचारायला आलो. बाय, तू सांग. खाडीच्या तोंडाशी कुणी दिवा लावतं. कुणी त्यातलं तेल काढून घेतं. दिवा अर्ध्यात विझतो, बाहेर गलबत अडून राहतं. तेल काढणाऱ्याचं काय करावं?”

शेगुलाबाई खलाशाची आई. भडकलीच. “कोण तो मेला? त्याच्या घरी दिवा लागू नये!”

म्हातारा हळूच म्हणाला, “लागतोय का, बाय?”

खुंटीवरनं टप्प आवाज आला. पुन्हा टप्प. शेगुलाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. “मी… नबीसाठीच साठवलं होतं, बाबा.”

“नबीनं मागितलं होतं?”

शेगुलाबाईनं दिव्यातलं तेल तांब्यात परत ओतलं, तांब्या उचलला, खुंटीवरचं फडकं घेतलं, सगळ्यांदेखत उंबरा ओलांडला. हसाजी हाका मारतो, तिला ऐकू येत नाही. बायका मागं निघाल्या. निघणारच की, असलं पाहायचं कोण सोडतं?

खाडीच्या तोंडाशी आकूबाई बसली होती, समोर कोरडी पणती होती. शेगुलाबाई तिच्या पायांशी बसली. “आकूमावशी, हे तेल तुमचं. मी चोरलं.”

आकूबाईनं तांब्यात डोकावून पाहिलं. म्हणाली, “अगं बाय! आणि मी समजत होते, माझे तीळच माझ्यासारखे सुकलेत.” तिला रागही आला, हसूही आलं, डोळ्यांत पाणी आलं. “रड मागाहून. आधी दिवा लाव. भरती चढतेय.”

तेल होतं, वात नव्हती. शेगुलाबाईनं ते फडकं घेतलं, पणतीवर पिळलं, शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं. त्याचीच वात वळली. वात लावली. ज्योत अशी उभी राहिली की पलीकडच्या काठावरची कांदळाची झाडं दिसली, पाण्यावरचा तवंग दिसला, आणि तवंगावरून शीड आलं, स्वप्नासारखं, आवाज न करता.

गलबतातून बुनाजी उतरला. आईच्या पाया पडला, मावशीच्या पाया पडला. म्हणाला, “आई, किती रात्री बाहेर नांगर टाकून होतो! दिवा दिसायचा, शीड वळवायचो, आणि मध्येच विझायचा. खडक कुठं ते कळायचं नाही. पिण्याचं पाणी संपलं, दोघं तापानं पडलेत. कोण गं विझवायचं?”

आकूबाईनं मान वळवली. शेगुलाबाई “वारा” म्हणाली असती तरी खपलं असतं. पण ती म्हणाली, “मी.”

बुनाजीनं आईकडे पाहिलं. मग वाकला, तांब्या उचलला आणि पणतीत आणखी तेल घातलं. “चला,” म्हणाला, “आजारी माणसं उतरवायचीत. आई, तू पुढं हो.”

घरी आले तर पाट रिकामा, म्हातारा नाही. चादरीवर धुळीची पावलं, मलिद्यावर पाच बोटं उमटलेली, आणि दिव्यात तेल नसून दिवा तेवतोय.

तेव्हापासून त्या घाण्यावर रीत पडली. शेवटचं फडकं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. म्हणायचं, “मावशी, तुम्हीच पिळा.”

तर बायांनो, दुसऱ्याच्या तेलानं देवाचा दिवा लावू नये, आणि लावलाच असेल तर तांब्या घेऊन उठावं, वाट फार लांब नसते. शेगुलाबाईला जसा नबी दारी भेटला, जसा तिचा मुलगा काठाला लागला, तसा तुमचा आमचा लागो. ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली, खाडीवरच्या एका दिव्यापाशी सुफळ संपूर्ण झाली.