वेशीवरचा पहारा

"पण खेळणारा हवं ते होऊ शकतो, दाजी. मग ती भूमिका नाही तर काय?"

दाजी मेस्त्री जत्रेतल्या नाटकाच्या मांडवात होते. पत्र्याच्या पेटीवर बसून ते राजाच्या मुकुटाची सुटलेली बेगड चिकटवत होते. मुकुट त्यांचा नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका केली, आता चौऱ्याहत्तरीत द्वारपाल करत. मुकुट मात्र अजून त्यांच्याच हातून दुरुस्त व्हायचा.

समोर केतकी धुरी मांडी घालून बसली होती. तिचे वडील याच नाटक कंपनीत पेटी वाजवायचे, त्यामुळे तिचं निम्मं बालपण या मांडवांत गेलेलं. आज ती पुण्याहून गाडी हाकत थेट जत्रेत आली होती, आणि तिच्याकडे वेळ होता फक्त पाच वाजेपर्यंत.

चार वर्षं खपून तिने 'वेस' नावाचा व्हिडिओ गेम केला होता. दिवाळीत तो बाजारात यायचा होता, पण इंटरनेटवर त्याआधीच वाद पेटला. हा खरा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिकेचा खेळ, की नुसती तलवारबाजी? 'नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा' असंही कुणीतरी लिहून मोकळं झालं होतं.

प्रकाशक कंपनीचे बर्वे घाबरले. त्यांनी सकाळीच बजावलं, "खोक्यावर रोल-प्लेइंग छापायचं तर भूमिका जगावी लागते असं एक तरी ठिकाण मला दाखव. पाचपर्यंत. नाहीतर अ‍ॅक्शन गेम छापू आणि सुरुवातीचा वेशीचा प्रसंग कापू. खेळाडू थेट लढाईत उतरू दे."

तो वेशीचा प्रसंग केतकीने सगळ्यात आधी केला होता, भाड्याच्या खोलीत, एकटीने. तो कापायला ती तयार नव्हती.

म्हणून ती दाजींकडे आली. खरं सांगायचं तर विचारायला नाही, शाबासकी घ्यायला आली होती.

"बेचाळीस शेवट आहेत, दाजी. तीनशे कसबं. राजा व्हा, चोर व्हा, वैद्य व्हा. मध्येच बदला."

"मध्येच?"

"केव्हाही."

दाजींनी बेगडीवर अंगठा दाबून धरला...

"मगे तो कोणच नाय झालो."

केतकीला ते लागलं. "तुम्ही नाही का बदलत? काल राजा, आज द्वारपाल."

"काल काल होतो. आज आज आसा."

"म्हणजे?"

"दाखव तुझो खेळ."

तिने लॅपटॉप उघडला, कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. हे चालायला, हे तलवारीला, हे बटण रूप बदलायला. दाजींची बोटं सांध्यांत सुजलेली होती, पण त्यांनी एकेक बटण दाबून पाहिलं. मग पेटीवर नीट सरकून बसले.

पडद्यावर पहाट झाली. वेशीचं मोठं दार दिसलं. हवालदार पुढे आला आणि त्याने भाला दिला. "आज तू द्वारपाल. सूर्य मावळेपर्यंत दार सोडायचं नाही."

हवालदार गेला. लांब डोंगरामागे धूर उठला, शिंगं वाजली. जीन घातलेला एक मोकळा घोडा टापा वाजवत दारापाशी येऊन थांबला.

दाजी हलले नाहीत.

"घोडा तुमच्यासाठीच आहे, दाजी."

"माझो न्हय तो."

"त्याच्यावर बसलं की खेळ सुरू होतो."

"खेळ कधीच सुरू झालो गो. हवालदार काय सांगान गेलो?"

केतकी हसली. खेळ तपासायला तिने दोनशे जणांना बसवलं होतं. दोन मिनिटांपलीकडे त्या दारात एकही जण थांबला नव्हता. खेळातला दिवस मावळायला चाळीस मिनिटं लागत, आणि घड्याळात तीन वीस झाले होते.

गाठोडं घेतलेली एक म्हातारी दाराशी आली.

"कोण गो तू? खंयसून इलंस?" दाजींनी पडद्याला खणखणीत विचारलं.

पडद्यावर तीन पर्याय उमटले. केतकीने ते वाचून दाखवले. दाजींनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हातारीला आत सोडलं.

मग बराच वेळ कुणी आलं नाही. दाजी डावीकडे बघत, उजवीकडे बघत. मांडवाबाहेर जत्रेतली पोरं पिपाण्या वाजवत होती, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं.

एक घोडेस्वार धुळीतून आला. "राजा पडला! चल लवकर, तलवार घे!"

चाळीस वर्षं राजा झालेल्या माणसाचा जबडा आवळला. अंगठा तलवारीच्या बटणाच्या दिशेने किंचित सरकला...

"मगे दार कोण बघतलो?" दाजी हळू म्हणाले, आणि अंगठा मागे घेतला.

स्वार निघून गेला.

तेव्हा केतकीच्या लक्षात आलं, दाजींची पाठ ताठ झाली होती. अशीच पाठ तिने लहानपणी एकदा पाहिली होती. भर नाटकात कंपनीच्या मालकांना मंचावरून घाईने पलीकडे जायचं होतं. त्या दिवसापुरते द्वारपाल झालेल्या दाजींनी भाला आडवा धरला. मालक बिचारे देवळाला वळसा घालून गेले.

तिचं हसू गेलं. आता तिला भीती वाटू लागली.

कारण पुढे काही नव्हतं. बेचाळीस शेवट होते, पण सगळे घोड्यावर बसून निघाल्यानंतरचे. दारात थांबणाऱ्यासाठी तिच्या खेळात काहीच नव्हतं. सूर्य मावळेल, पुन्हा उगवेल, आणि हा म्हातारा माणूस वेड्यासारखा उभा राहील. लोक म्हणत होते ते खरंच होतं तर! चार वर्षं तिने नुसते कपडे शिवले, आत माणूस ठेवलाच नव्हता.

फोन वाजला. बर्वे. तिने तो वाजू दिला.

"दाजी, पुरे. पुढे काही होणार नाही."

"नाय होवंदे."

"मी बनवलाय खेळ. मला ठाऊक आहे."

दाजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पडद्यावरचा सूर्य डोंगराला टेकला... मग गेला.

अंधारलेल्या वाटेवर पावलं वाजली. हातात कंदील घेऊन एक म्हातारा पहारेकरी वर चढून आला.

केतकी गुडघ्यांवर उठली. हा कोण?

पहारेकऱ्याने कंदील वर धरला. "दिवसभर दार सोडलं नाहीस?... आण तो भाला इकडे. आता मी आहे. जा, खाली भात गरम आहे."

आवाज जाडाभरडा होता, यंत्रातून बदललेला. पण आपला आवाज कोण विसरतं? तो तिचाच होता.

मग तिला आठवलं. पहिल्याच महिन्यात, दुसरं कुणी सोबतीला नव्हतं तेव्हा, ती चार वाक्यं तिनेच लिहिली होती आणि तिनेच बोलली होती. कुणी उभा राहिलाच, तर त्याला सोडवायला कुणीतरी यायला हवं, इतकाच तेव्हाचा विचार. पुढे पैसा आला, माणसं आली, बेचाळीस शेवट आले, आणि हा म्हातारा तिच्या स्मरणातून गेला. तो मात्र चार वर्षं रोज सूर्यास्ताला कंदील घेऊन निघायला तयार होता.

दाजींनी बटण दाबलं. भाला द्वारपालाच्या हातातून पहारेकऱ्याच्या हातात गेला. त्यांनी कंट्रोलर पेटीवर ठेवला आणि त्यांची पाठ पुन्हा वाकली.

केतकी रडत होती आणि हसतही होती. इतका आनंद तिला खेळ पुरा झाला त्या दिवशीही झाला नव्हता. तिने डोळे पुसले, फोन उचलला.

"बर्वे, वेस कापायची नाही. आणि वर रोल-प्लेइंगच छापा."

"तसं ठिकाण सापडलं?"

"सापडलं. दारात चाळीस मिनिटं उभे राहा."

"उभं राहून काय करू?"

"पहारा."

"बरं," बर्वे म्हणाले. "राहतो उभा."

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्यांचा पुन्हा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "भात गरम आहे म्हणाला गं तो. छापतो."

गंगेत घोडं न्हालं. केतकीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिने दाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. तरी तिला राहवेना. एवढं सगळं झालं, पण शाबासकीचा तो एक शब्द दाजींच्या तोंडून आलाच नव्हता.

"दाजी, आता तरी सांगा. हा खरा भूमिकेचा खेळ की नाही?"

दाजींनी मुकुट पुन्हा मांडीवर घेतला, बेगड सरळ केली...

"दारात उभो होतो त्या द्वारपालाक इचार. माझो पहारो संपलो."