पाहुण्याची बॅग

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे नव्हतो, पण असल्यासारखाच.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलात कामाला तरुण पोरं टिकत नसत. म्हणून मालक रावसाहेब खर्डेकरांनी सगळ्यांची मूळ सर्टिफिकेटं तिजोरीत कोंडून ठेवली. रिसेप्शनवरच्या केतकीची दुसऱ्या दिवशी पुण्यात मुलाखत होती. सर्टिफिकेटाशिवाय तिला तिथे कोणी दारातही उभं केलं नसतं. तिने हात जोडले, तर रावसाहेब म्हणाले, "कागद माझ्याकडे, म्हणजे माणूस माझ्याकडे!"

केतकीने निघालेल्या एका पाहुण्याची बॅग काउंटरमागे ओढली. दरवर्षी अख्खं हॉटेल बुक करणारा तो व्यापारी ओरडायला लागला, तसे रावसाहेब धावत आले.

"अगं, वेड लागलंय का तुला? बॅग दे त्यांची!"

"साहेब, बॅग आपल्याकडे, म्हणजे पाहुणा आपल्याकडे."

"असं अडवून ठेवल्यावर कोण थांबेल इथे?"

"मी तरी दुसरं काय म्हणतेय, साहेब?"

पाहुणा आता रावसाहेबांकडेच रोखून बघत होता. रावसाहेबांनी मुकाट्याने तिजोरी उघडली.

सर्टिफिकेट हातात पडताच केतकीने खूश होऊन लिहून ठेवलेला राजीनामा फाडला आणि ती तिथेच राहिली, असं मी सगळीकडे सांगतो. तेवढं मात्र मी रचलंय. ती पहिल्या एसटीने पुण्याला गेली.