साध्या दोऱ्याची माशी

त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, पण वारा पडलेला, धरणाचं पाणी अगदी निवांत. गळाने मासे धरायची स्पर्धा होती, म्हणून मीही गेलो. माशाला भुलवायला गळावर कोंबड्याचं पीस बांधून खोटी माशी केली होती. बांधायला घरातलाच शिवणाचा दोरा. स्पर्धेचे प्रमुख घोरपडे साहेब ती बघून म्हणाले, "विलायती रेशीम नाही? मासा ओढेल तेव्हा हे सुटेल. तुम्हाला भाग घेता येणार नाही."

मी म्हटलं, "बरं. पण साहेब, तुमची विजार कशानं शिवलीय?"

"दोऱ्यानं. का?"

"काही नाही. चारचौघांत साहेबांची अब्रू सांभाळतो तो दोरा, माझं एक पीस सांभाळेल की."

साहेबांनी मला गळ टाकू दिला. परतताना आमचे शेजारी रंगनाथ म्हणाले, "तात्या, तुम्ही बोललात आणि साहेब दिवसभर एकदाही खाली वाकले नाहीत."