हिंदुरावांचा ग्रुप

पंचक्रोशीत चंद्रीसारखी गाय नाही, असं हिंदुराव स्वतःच सांगत आणि ते खरंही होतं. जत्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात मानाची घंटा दर वर्षी चंद्रीच्याच गळ्यात पडे. हिंदुरावांना आणखी एक अभिमान होता. गावातल्या दूधवाल्यांचा मोबाइलवरचा ग्रुप त्यांनी काढला होता.

एकदा गावात लाळ्या-खुरकूत रोगाची लस आली. 'लस टोचली की गाय आटते,' असं हिंदुरावांनी ग्रुपवर टाकलं.

शेजारच्या सुगंधावहिनींनी लिहिलं, 'भावजी, दोन दिवस दूध कमी येतं, हे खरं. मग पहिल्यासारखं होतं. पण रोग आला तर जनावर हातचं जाईल.'

हिंदुरावांनी वहिनींना ग्रुपमधून काढलं. त्यांची बाजू घेणारेही गेले. उरलेल्यांनी 'बरोबर, बरोबर'चा पाऊस पाडला. हिंदुराव मिशीला पीळ देत म्हणाले, "बघा, अख्खं गाव माझ्या बाजूनं हाय!"

आणि रोग आला. चंद्रीच्या तोंडातून लाळ गळू लागली, खुरांत जखमा झाल्या. हिंदुरावांनी घाबरून ग्रुपवर विचारलं, 'चंद्री वैरणीला तोंड लावत नाही. काय करू?' उत्तरादाखल फुलं आली, जोडलेले हात आले. उपाय कुणालाच सांगता येईना. ज्यांना सांगता आला असता, त्यांना हिंदुरावांनीच बाहेर काढलं होतं. कुंपणापलीकडे वहिनींच्या लस टोचलेल्या गाई निवांत रवंथ करत होत्या.

हिंदुराव टोपी हातात घेऊन वहिनींच्या दारात गेले. "वहिनी, माझी चंद्री..."

"आधी तिला बाकीच्या जनावरांपासून लांब बांधा," वहिनी म्हणाल्या. "मी डॉक्टरांना फोन लावते."

चंद्री वाचली, पण आटली. लसीवर ज्याचा आळ घेतला होता, ते रोगानं करून दाखवलं.

त्या वर्षी मानाची घंटा वहिनींच्या गाईला मिळाली. हिंदुरावांनी ती स्वतःच्या हातानं बांधली आणि भरल्या जत्रेत म्हणाले, "मी माझंच बोलणं पुन्हा पुन्हा ऐकत बसलो आन् त्यालाच गाव समजलो. चूक माझी. आजपास्नं ग्रुप वहिनी बघतील. आन् माझं चुकलं तर मला तोंडावर सांगायचं."

आमच्याकडे कोणत्या गाईला कधी घंटा मिळाली, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. हिंदुरावांचं हे बोलणं मात्र गाव अजून छाती फुगवून सांगतं.

तात्पर्य: 'नाही' म्हणणाऱ्यांना हाकलून मिळवलेल्या 'हो'ला काडीची किंमत नसते, आणि चारचौघांत चूक कबूल करणाऱ्याची मान ताठच राहते.